पाहुण्यांच्या हस्ते

आमच्या शहरात कुणाला काही द्यायचं झालं, तर ते नुसतं देऊन टाकायची पद्धत नव्हती. द्यायला पाहुणा लागायचा. पाहुण्याला हार लागायचा, हार ठेवायला टेबल लागायचं, टेबलावर हिरवं कापड लागायचं आणि त्या कापडावर कुणाच्या घरची फुलदाणी ठेवायची यावरून दोन घरांत अबोला व्हायचा. हे सगळं जमून आलं की मग कुणाच्या तरी लक्षात यायचं की अरे, घेणारेही बोलवायला हवेत.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, वकील होते. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर शहरात जी मदत समिती निघाली तिचे ते चिटणीस झाले. वकिली बेताचीच चालायची, चिटणिशी मात्र धडाक्यात. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि मुलीनं बापाविषयी असं लिहू नये हे मलाही कळतं. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

गंमत म्हणजे त्याच्या थोडंच आधी आम्ही स्वतः निर्वासित होतो. रझाकारांच्या भीतीनं गंगापूरकडचं घर बंद करून आम्ही गोदावरी ओलांडली आणि नगर जिल्ह्यातल्या एका छावणीत राहिलो. तिथं लोकांच्या हातून भाकरी घेताना अण्णा वाढणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नसत, इतका त्यांना त्याचा जाच व्हायचा. परत आल्यावर औरंगाबादला बिऱ्हाड केलं, आणि देणाऱ्यांच्या बाजूला एक खुर्ची रिकामी दिसताच तिच्यात असे ऐसपैस बसले की कधी घेणाऱ्यांत होतो याचा त्यांना पत्ताच नसावा. आईला मात्र होता.

तोवर वारं फिरलं होतं. आता खेड्यांतून शहरात येत होती ती बहुतेक मुसलमान घरं होती. त्यांच्यात आमच्यासारखी काही हिंदू घरंही होती, आधीच्या धामधुमीत जळून गेलेली. या सगळ्यांना स्टेशनजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात ठेवलं होतं. वर पत्रे, खाली दगडी फरशी, आणि दारांच्या हात जाईल एवढ्या फटींतून वारं. बायका आणि पोरं पुष्कळ, पुरुष थोडे. पुरुष थोडे का, हे विचारायचं धाडस समितीत कुणाला नव्हतं. मदत करायची होती, चौकशी नव्हे.

निधी जमवणं हा शहराचा त्या सालचा मोठा करमणुकीचा कार्यक्रम होता. ज्यांनी कधी भिकाऱ्याला उरलेली भाकरी दिली नाही ती मंडळी गळ्यात उपरणं टाकून दारोदार फिरू लागली. निजामाचे हाली रुपये अजून चालत होते, आणि हिंदुस्थानच्या कलदार रुपयापुढं त्यांची किंमत कमी होती. तेव्हा देणगी हालीत द्यायची आणि चारचौघांत सांगताना कलदारात सांगायची, ही युक्ती गुलमंडीवरच्या निम्म्या दुकानदारांना एकाच दिवशी सुचली. हौशी मंडळींनी एक नाटक बसवलं. त्याच्या उत्पन्नातून कलाकारांचा चहा, दाढीमिशा आणि पडदे यांचा खर्च भागला, आणि सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं की पैसा नाही तरी जागृती पुष्कळ झाली.

मग कुणीतरी रजयांची कल्पना काढली. कल्पना चांगली होती, ते नाकारत नाही. सिल्लोडच्या अडत्यांनी कापूस दिला. तो पावसात भिजून पिवळा पडलेला होता आणि कुणी घेत नव्हतं, म्हणून दिला. एका कापडवाल्यानं मोरांचं छीट दिलं. छापताना काहीतरी चूक होऊन त्यावरचे सगळे मोर उलटे लटकले होते. ते दोन वर्षं त्याच्या दुकानात धूळ खात पडलं होतं. सभेत त्या दोघांच्या दानशूरपणावर अण्णा इतकं बोलले की कापडवाल्याला स्वतःलाच भरून आलं.

रजया शिवायच्या कुणी? गोदामातल्या बायकांनीच. ‘त्यांना स्वाभिमानानं उभं करायचं आहे,’ असं अण्णा म्हणाले, म्हणजे शिंप्याला द्यायचे पैसे वाचले.

त्या बायकांत एक पिंजारीण होती. आम्ही मुलं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. सिल्लोडच्या बाजूच्या एका खेड्यात तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजण्याचा धंदा. त्या दिवसांत नवरा गेला, घर गेलं, आणि ती तीन लेकरं घेऊन शहराकडं चालत निघाली. ती नवऱ्याविषयी बोलत नसे. पिवळ्या कापसाविषयी मात्र भरपूर बोले. ‘हे काय दिलं वो? जनावर बी झोपणार नाय याच्यावर,’ असं म्हणत तिनं तो कापूस उन्हात घातला, वेचला, धोपटला, आणि उसनी कमान आणून असा पिंजला की गोदामभर पांढरं उडायला लागलं. आई जवळजवळ रोज तिथं जायची आणि मला बरोबर न्यायची. आई टाके घालायला बसली की खाला तिचे टाके उसवायची आणि हसायची. त्या दोघींचं जमलं होतं.

खालाची धाकटी चारेक वर्षांची होती. दिवसभर खालाच्या पाठीला चिकटलेली, आणि खोकणारी. खोकला लागला की तोंड लाल व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि खोकून झालं की ती लाजून हसायची. शिवणकामात एका रजईत खालानं कापूस जरा दाट भरला, शिवण जवळजवळ घातली आणि कडेला लाल दोरा टाकला. ‘ही हिच्यावाली,’ म्हणाली. ‘बाई, कुणाला सांगू नका हां.’ आईनं सांगितलं नाही.

मार्गशीर्ष लागायच्या आत रजया तयार झाल्या. मला वाटलं, झालं, आता त्या अंगावर घ्यायच्या. मी लहान होते. समितीची माणसं हातगाड्या घेऊन आली, सगळ्या रजया मोजून शाळेच्या हॉलमध्ये नेल्या आणि हॉलला कुलूप लावलं. कारण रजया शिवून झाल्या होत्या, पण दिल्या गेल्या नव्हत्या. देण्यासाठी हैदराबादेत नव्यानं आलेले एक मोठे अधिकारी, मूळचे मद्रासकडचे, यायचे होते. किल्ली अण्णांनी जानव्याला बांधली.

साहेब पुढच्या शुक्रवारी येणार होते. शुक्रवारी तार आली की येत नाहीत, पंधरा दिवसांनी येतील. मग त्यांचा दौरा बदलला. मग त्यांना ताप आला. साहेबांची यात काही चूक होती असं मी म्हणत नाही. त्यांच्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल की औरंगाबादेत एक शहाणी समिती त्यांच्या हातासाठी पांघरुणांना कुलूप लावून बसली आहे. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. तसं कळवणं अदबीला धरून झालं नसतं.

पौष आला आणि थंडीनं कहर केला. सकाळी हौदातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. गोदामातली माणसं पोती पांघरत होती. पोतीसुद्धा जिनिंगचीच, म्हणजे मालकाच्या उपकारातली. आईनं एके दिवशी जेवताना विषय काढला.

‘अहो, त्या रजया देऊन टाका ना. लेकरं कुडकुडतात.’

‘पाहुण्यांच्या हस्ते द्यायच्या आहेत.’

‘पाहुण्यांना दोन ठेवा. त्या द्या म्हणावं त्यांच्या हातानं.’

अण्णांनी घास खाली ठेवला. ‘तुला संस्थेचं काम कळत नाही. उद्या साहेब आले आणि लोक आधीच रजया पांघरून बसलेले दिसले, तर शोभेल का ते? देणगीदारांना काय तोंड दाखवू? त्यांनी फोटोसाठी दिलं आहे.’

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून चुकून निघालं असावं. नंतर त्यांनी ताकाची वाटी एका दमात संपवली.

आईनं दुसऱ्या दिवशी आमच्या घरातल्या दोन जाड रजया काढल्या, टांग्यात घातल्या आणि गोदामात नेऊन खालाच्या पुढं ठेवल्या. खालानं एक नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला दिली आणि दुसरी एका म्हाताऱ्याला. आई रागावली. ‘अगं, मी तुझ्या पोरीसाठी आणली.’ खाला म्हणाली, ‘माझी शिवून ठेवलीय की, बाई. वकीलसाबनी बोललं ना, येत्या शुक्करवारला मिळती. तोवर मी घेती पोटाशी.’ समितीच्या शब्दावर विश्वास ठेवणारं त्या गावात तेवढं एकच माणूस होतं.

घरी अण्णांनी त्या दिवसापासून सभेची सतरंजी पांघरली. मला वाटलं, आता तरी यांना थंडी कळेल. कळली ना. पुढच्या सभेत ते उठून म्हणाले, ‘मी स्वतः माझ्या घरातली पांघरुणं पीडितांना दिली. कार्यकर्त्याला त्याग चुकत नाही.’ टाळ्या पडल्या. आई आतल्या खोलीत चहाचे कप विसळत होती, तिनं एक कप जरा जोरात ठेवला. त्याचा दांडा तुटला.

धाकटीचा खोकला छातीत उतरला. आईनं दवाखान्यातून औषध आणलं, मोहरीचं तेल नेलं, शेक दिला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोरीला ऊब द्या, हे औषध नुसतं नावाला. मग खालानं ठरवलं की सिल्लोडला भावाकडं जायचं. भावाकडं त्याचंच पोट भरायची मारामार, पण चार भिंती होत्या, चूल होती. सरकी नेणारी एक लॉरी तिकडं निघाली होती. तिच्यावर बसून जायचं, उघड्यावर.

त्या दिवशी आई खालाला घेऊन आमच्या घरी आली. अण्णा कोर्टात जायला निघाले होते, फेटा बांधत होते. खाला दाराशी उभी राहिली, पोर खांद्यावर.

‘वकीलसाब,’ ती म्हणाली, ‘माझी एक रजई द्या. लाल दोऱ्यावाली. मीच शिवली ती. पोरीला गुंडाळून न्यायची हाय, गाडीवर लई वारं लागतं.’

मी अण्णांच्या तोंडाकडं बघत होते. एक क्षण त्यांचा हात छातीशी गेला, जिथं किल्ली होती. त्यांना वाईट वाटलं, मी पाहिलं. आणि म्हणूनच पुढचं मला जास्त चीड आणतं. दगडाच्या माणसाला मी कधीच माफ केलं असतं.

‘बाई, एकीला दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल,’ ते म्हणाले. ‘शिवाय तू गेलीस तर साहेबांसमोर येणार कोण? तू ये कार्यक्रमाला. तुझी मी राखून ठेवतो. कुणाला हात लावू देणार नाही.’

 आईनं आपलं लग्नातलं जाड लुगडं पेटीतून काढलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि पोरीला त्यात गुंडाळलं. पोर खोकली आणि नेहमीसारखी हसली. आम्ही दोघी त्यांना लॉरीपर्यंत पोचवायला गेलो. अण्णा कोर्टात गेले.

त्यानंतर गोदाम हळूहळू रिकामं होत गेलं. कुणी गावी परतलं, कुणी हैदराबादेकडं गेलं, कुणी शहरातच नातेवाइकांच्या ओसऱ्या धरल्या. माणसं काही समितीच्या सवडीनं निर्वासित राहत नाहीत. थंडी संपली, शिमगा झाला, उन्हं तापायला लागली, आणि मग हैदराबादेहून तार आली की साहेब येत आहेत, नक्की येत आहेत.

समितीत धावपळ उडाली. हार होता, टेबल होतं, हिरवं कापड होतं, लाउडस्पीकर पहिल्यांदाच भाड्यानं आणला होता, रजयांचा ढीग होता. फक्त घेणारे नव्हते. गोदामात पाचसात घरं उरली होती. एवढ्या रजया आणि एवढीशी रांग, फोटोत कसं दिसणार? तेव्हा शाळेचा शिपाई, अध्यक्षांच्या घरचा पाणक्या, कापडवाल्याची मोलकरीण, असे मिळतील ते लोक गोळा केले. तरी रांग भरेना. तेव्हा अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

‘ही उभी राहील,’ ते म्हणाले. ‘यात खोटं काय? आपणही निर्वासित होतोच.’

‘माझी पोर त्या रांगेत उभी राहणार नाही,’ आई दबक्या आवाजात म्हणाली.

‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे.’

आई हॉलमध्ये बायकांच्या बाजूला जाऊन बसली, तिला वाटलं विषय संपला. अण्णांनी मला मागच्या दारानं नेलं, डोक्यावर ओढणी घातली आणि रांगेत लावलं. माझ्या पुढं कोण होतं? खाला. समितीनं तिला आणायला खास जीप पाठवली होती, कारण खऱ्या घेणाऱ्यांत तिच्याइतकं चटकन बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. ती वाळली होती. तिनं मला ओळखलं, माझ्या ओढणीकडं बघितलं.

‘खाला, तू आलीस?’ मी म्हटलं.

‘आली. अजून दोघं हैत ना,’ ती म्हणाली. ‘पुढच्या थंडीला लागंल.’

मला त्यातलं काही कळलं नाही. रांग पुढं सरकली.

भाषणं झाली. हॉलमध्ये इतकं उकडत होतं की साहेबांचा कोट पाठीला चिकटला होता. ते भले गृहस्थ दिसत होते, थोडे गोंधळलेले. उन्हाळ्यात रजया कशाला, असा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्पष्ट उमटला होता, पण पाहुण्यानं असे प्रश्न विचारायचे नसतात. त्यांना हिंदी येत नव्हती, मराठी तर नाहीच. अण्णा शेजारी उभे राहून इंग्रजीत सांगत होते आणि लाउडस्पीकरवरून नावं पुकारत होते.

खाला वर गेली. अण्णांनी शब्द पाळला होता, लाल दोऱ्याची रजई राखून ठेवली होती. साहेबांनी ती तिच्या हातात दिली आणि तशीच धरून ठेवली, फोटोसाठी. मग मायाळूपणे काहीतरी विचारलं. अण्णांनी तिला सांगितलं, ‘साहेब विचारतात, ही कुणासाठी?’

खाला रजईच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, ‘साब, जिसके वास्ते सी थी, वो तो गई पूस में. सिल्लोड बी नै देखी उसने. गाडीपरच गई.’

लाउडस्पीकर तिच्या तोंडापुढंच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. साहेबांनी अण्णांकडं बघितलं.

अण्णांच्या ओठांवर घाम आला होता. ते इंग्रजीत म्हणाले की ही बाई आपली फार फार आभारी आहे. तेवढं इंग्रजी मला येत होतं. साहेब हसले, मान हलवली, आणि पुढच्या ओळीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बायकांच्या बाजूला आई उभी राहिली. त्या काळी बाईनं नवऱ्याशी चारचौघांत बोलायची रीत नव्हती, घरातसुद्धा चार माणसं आलेली असली की ती त्यांच्याशी दाराआडून बोलायची. ती उभ्या जागेवरून, पदर न सावरता, मोठ्यानं म्हणाली, ‘ती काय म्हणाली ते नीट सांगा.’

टाळ्या थांबल्या. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ‘नीट सांगा,’ आई पुन्हा म्हणाली.

तेव्हा त्यांनी सांगितलं, हळूच, इंग्रजीत, की हिची मुलगी थंडीत वारली. साहेबांचे हात रजईवरच राहिले. द्यावी की ठेवावी हे त्यांना कळेना. मग त्यांनी ती सोडली, हात जोडले आणि खुर्चीकडं वळले. खाला रजई घेऊन पायऱ्या उतरली. फोटोवाल्यानं दिवा उडवला, तो नको त्या वेळी.

एवढ्यानं ते संपायला हवं होतं. कुठल्याही दुसऱ्या गावात संपलं असतं. पण ढीग अजून तसाच होता आणि अण्णांच्या हातात कार्यक्रम होता. त्यांनी घसा साफ केला, लाउडस्पीकरजवळ तोंड नेलं आणि पुकारलं, ‘पुढचं कुटुंब.’

पुढचं कुटुंब मी होते. मी अण्णांकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत नव्हते. साहेब पुन्हा उभे राहिले, कुणीतरी त्यांच्या हातात रजई दिली. आई बाकांमधून वाट काढत पुढं आली. तिनं माझ्या डोक्यावरची ओढणी काढली, माझा हात धरला आणि व्यासपीठाकडं तोंड करून म्हणाली,

‘हिला कशाला देता? ही जिवंत आहे.’